स्मृतीचा वेग आणि मदरबोर्डाची मर्यादा : महाराष्ट्रातील संगणकवापराच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाचा इतिहास सांगणारे लेखन बहुधा प्रोसेसरांच्या पिढ्यांवरून कालखंड पाडते. ही पद्धत सोयीची खरी. परंतु तो उत्पादकाच्या बाजूने पाहिलेला इतिहास होय. ज्याने यंत्र एकदा विकत घेऊन आठ-दहा वर्षे चालवावयाचे असते, त्याच्या दृष्टीने कालखंड निराळ्याच जागी तुटतात. जुन्या मदरबोर्डात नवी रॅम बसते की नाही, बसली तर चालते की नाही, आणि चालली तर स्वतःच्या वेगाने चालते की बोर्डाच्या, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्याच्या यंत्राचे आयुष्य ठरते. आळंदी-पंढरपूर पालखीमार्गावरील नातेपुते हे माळशिरस तालुक्यातील बाजाराचे गाव उदाहरणादाखल घ्यावे. अशा गावातील संगणकवर्ग, शाळा, पतसंस्था किंवा झेरॉक्सचे दुकान ह्यांपुढे ‘नवे यंत्र की जुन्याचीच वाढ’ हा प्रश्न केवळ तांत्रिक नसतो. तो जमाखर्चाचा असतो. घाऊक बाजार जितका दूर, तितका चुकीच्या खरेदीचा भुर्दंड अधिक. म्हणून स्मृती आणि बोर्ड ह्यांची जुळणी हा विषय शहराच्या इतिहासापेक्षा निमशहरी महाराष्ट्राच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा ठरतो.

हा प्रश्न संगणकाच्या जन्मापासूनचा नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली जे यंत्र उभे राहिले, त्याच्या बाबतीत तो उद्भवूच शकत नव्हता. त्याचा प्राथमिक नमुना १९५६ मध्ये चालू झाला, पूर्ण यंत्र १९६० मध्ये कामास लागले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. सुमारे २,७०० निर्वात नलिका असलेल्या ह्या यंत्राची स्मृती फेराइटच्या सूक्ष्म कड्यांची होती. ४० बिटांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द तीत मावत. म्हणजे एकूण ८१,९२० बिटे, आजच्या भाषेत १० किलोबाइट. फेराइटच्या कड्यातील मजकूर वाचला की तो पुसला जातो, म्हणून प्रत्येक वाचनानंतर तो पुन्हा लिहावा लागे. वाचन आणि पुनर्लेखन मिळून स्मृतीची एक फेरी १५ मायक्रोसेकंदांची होती. एका बेरजेस ४५ मायक्रोसेकंद लागत. बेरजेचा काळ स्मृतीच्या तीन फेऱ्यांइतका होता, ह्यावरूनच यंत्राचा एकंदर वेग स्मृतीशी किती घट्ट बांधलेला होता हे दिसून येते. परंतु कड्यांना प्रवाह देणारी मंडले, त्यांतून येणारा क्षीण संकेत ओळखणारी मंडले आणि गणित करणारा विभाग ही सर्व एकाच छपराखाली, एकमेकांस विचारून आखली गेली होती. जुळणी हा दोन पक्षांमधला करार असतो. येथे पक्ष एकच होता.

१९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले. त्याची स्मृती ४८ बिटांच्या ३२,७६८ शब्दांची आणि तिची फेरी १.५ मायक्रोसेकंदांची. टिफ्रॅकच्या दहापट वेगवान स्मृती संस्थेच्या आवारात आली. पण ती टिफ्रॅकला जोडावी असा विचार कोणी करण्याचे कारण नव्हते. शब्दाची लांबी निराळी, विद्युत्-पातळ्या निराळ्या, घडणच निराळी. त्या युगात यंत्राची वाढ म्हणजे दुसरे यंत्र, किंवा मूळ उत्पादकाकडूनच आणखी एक कपाट. १९७० नंतर आयबीएमच्या मोठ्या यंत्रांना जोडता येईल अशी स्मृती इतर कंपन्या विकू लागल्या, तेव्हा प्रथमच ‘बनवणारा एक आणि वाढवणारा दुसरा’ अशी स्थिती निर्माण झाली. भारतास त्या स्पर्धेचा लाभ फारसा मिळाला नाही. येथे परकीय चलनाची टंचाई होती, आणि १९७८ मध्ये तर आयबीएमने भारतातील आपला कारभारच आवरला.

आज ज्या अर्थाने मदरबोर्ड आणि रॅम हे शब्द वापरले जातात, तो अर्थ १९८१ च्या आयबीएम पीसीपासून रूढ झाला. त्या यंत्राच्या बोर्डावर १६ ते ६४ किलोबाइट स्मृती होती. नऊ-नऊ चिपांच्या ओळी बसवलेल्या असत; आठ चिपा मजकुरासाठी आणि नववी चूक पकडण्यासाठी. ह्या चिपांची फेरी ४१० नॅनोसेकंदांची होती. उलटपक्षी ४.७७ मेगाहर्ट्झने चालणारा ८०८८ हा प्रोसेसर बाहेरच्या एका व्यवहारास चार ठोके, म्हणजे सुमारे ८४० नॅनोसेकंद घेत असे. स्मृती प्रोसेसरपेक्षा वेगवान होती! आजच्या विद्यार्थ्यास हे उफराटे वाटेल. परंतु पुढील सगळा गुंता समजण्यासाठी हा आरंभबिंदू लक्षात ठेवणे अवश्य आहे. ज्या काळी स्मृतीस उसंत होती त्या काळी तिच्या वेगाची चौकशी करण्याचे प्रयोजनच नव्हते. चिप योग्य आकारमानाची असली म्हणजे काम भागे.

ही उसंत दहा वर्षांत संपली. ३३ मेगाहर्ट्झच्या ४८६ प्रोसेसरचा एक ठोका ३० नॅनोसेकंदांचा, आणि बाजारातील स्मृती ७० नॅनोसेकंदांची. प्रोसेसर स्मृतीची वाट पाहू लागला. ही प्रतीक्षा किती ठोक्यांची असावी ते बायॉसमध्ये हाताने भरावे लागे. चिपांवर ‘७’ किंवा ‘६’ असा आकडा छापलेला असे, त्याचा अर्थ ७० किंवा ६० नॅनोसेकंद. आणि संगणक जोडणाऱ्याने तो आकडा वाचून प्रतीक्षा ठरवावी अशी अपेक्षा होती. प्रतीक्षा कमी ठेवली तर यंत्र चालू होई, थोडा वेळ कामही करी, आणि मग भलत्याच क्षणी अडे. अशा बिघाडाचे खापर बहुधा सॉफ्टवेअरवर फुटे. वेगाची चूक आकारमानाच्या चुकीसारखी ताबडतोब उघडकीस येत नाही, हा ह्या विषयातला सर्वांत त्रासदायक भाग होय.

दुसरी अडचण रुंदीची. सुट्या चिपांऐवजी छोट्या पट्टीवर चिपा बसवून ती पट्टीच खाचेत घालण्याची पद्धत रूढ झाली होती. तीस पायांची पट्टी एका वेळी आठ बिटे देई. म्हणून २८६ ला दोन, ४८६ ला चार पट्ट्या एकसारख्या लावाव्या लागत. पुढे बहात्तर पायांची, बत्तीस बिटांची पट्टी आली. ४८६ चे काम एकीवर भागू लागले, तोच चौसष्ट बिटांचा पेंटियम आला आणि पुन्हा जोडी लागू लागली. स्मृती ‘थोडीशी’ वाढवणे ह्यामुळे अशक्य होते. वाढ पूर्ण ओळीची करावी लागे, आणि पुष्कळदा जुन्या पट्ट्या काढून टाकाव्या लागत. बहात्तर पायांच्या पट्टीतील चार पाय आकारमान व वेग सुचवण्यासाठी राखलेले होते. पट्टीने स्वतःविषयी बोर्डास काही सांगावे ही कल्पना येथे अंकुरलेली दिसते.

तिला पूर्ण रूप आले ते समकालिक स्मृतीबरोबर. अमेरिकेतील जेडेक ह्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने १९९३ मध्ये ह्या स्मृतीचे मानक मान्य केले, आणि १९९८ मध्ये इंटेलच्या ४४०बीएक्स ह्या चिपसंचाबरोबर १०० मेगाहर्ट्झची ‘पीसी १००’ स्मृती घरोघर पोहोचू लागली. येथे दोन गोष्टी बदलल्या. पहिली अशी की, स्मृती आता स्वतःच्या चालीने न चालता बोर्डाने दिलेल्या ठोक्यावर चालू लागली. पट्टीवर लिहिलेला वेग हा तिचा हट्ट नसून तिच्या क्षमतेची वरची मर्यादा आहे. १३३ मेगाहर्ट्झची पट्टी १०० च्या बोर्डात घातली तर तिला १० नॅनोसेकंदांचा ठोका मिळतो आणि ती त्यावर निमूटपणे चालते; ७.५ नॅनोसेकंदांत काम उरकण्याची तिची ताकद पडून राहते. ह्याच्या उलट, १०० ची पट्टी १३३ च्या ठोक्यावर चालवू पाहणे म्हणजे नशिबाची परीक्षा. निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दिंडीसारखे होते. सर्वांत सावकाश चालणारा जो असेल त्याच्या पावलाने सगळ्यांनी चालावयाचे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रत्येक पट्टीवर आठ पायांची एक बारकी चिप बसवण्यात आली आणि तीत त्या पट्टीचे आकारमान, रचना, वेग व प्रतीक्षाकाल लिहून ठेवण्यात आले. यंत्र सुरू होताच बायॉस ही नोंद वाचते, बोर्डाच्या क्षमतेशी ताडून पाहते आणि दोघांस झेपेल असा मध्यम मार्ग काढते. पूर्वी दुकानातील कारागिराच्या डोक्यात असलेले ज्ञान अशा रीतीने पट्टीवरच कोरले गेले. नातेपुत्यासारख्या गावात, जेथे चिपेवरील आकड्यांचा अर्थ सांगणारा जाणकार हाताशी असण्याची शक्यता कमी, तेथे ह्या बदलाचे मोल मुंबईपेक्षा अधिक. तांत्रिक मानकांचा इतिहास लिहिणारे ह्या बाजूकडे क्वचितच पाहतात.

तथापि नोंद वाचता आली म्हणून स्मृती वापरता येतेच असे नाही. ह्याचे नमुनेदार उदाहरण ४४०बीएक्सनेच पुरवले. हा चिपसंच १२८ मेगाबिटपर्यंतच्या चिपांचे पत्ते ओळखू शके. २५६ मेगाबाइटची पट्टी अशा सोळा चिपांची असेल तर ती पूर्ण दिसे. परंतु पुढील काळात तेवढेच आकारमान २५६ मेगाबिटच्या आठ चिपांत बसू लागले, आणि तशी पट्टी ह्या बोर्डात घातली की यंत्र १२८ मेगाबाइटच दाखवी. पट्टी खोटी नव्हती, दुकानदारही खोटा नव्हता. पत्ता सांगणारी एक तार बोर्डापाशी कमी होती, इतकेच. ग्राहकास मात्र निम्मा माल हरवल्यासारखे वाटे, आणि ‘जुन्या बोर्डाला दोन्ही बाजूंनी चिपा असलेली रॅम घ्यावी’ असा व्यवहारी नियम जाणकारांमध्ये रूढ झाला. नियम ढोबळ होता, पण निराधार नव्हता.

ह्याच सुमारास महाराष्ट्रात संगणकाचा प्रसार जिल्ह्याच्या गावांच्या पलीकडे झाला. नोव्हेंबर १९८४ च्या संगणकधोरणाने आयातीची दारे किलकिली झाली होती. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार म्हणून प्रसिद्ध होता. तोच आता बोर्ड, पट्ट्या आणि पेट्या ह्यांचा झाला. सुटे भाग आणून जोडलेले, ‘असेंबल’ केलेले यंत्र नामांकित यंत्रापेक्षा स्वस्त पडे. १९९६ मध्ये सिंगापूर येथे ठरलेल्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि त्यान्वये संगणकावरील व त्याच्या भागांवरील आयातशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी ह्या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या व बाजाराच्या गावांतून संगणकवर्ग उभे केले. एका खोलीत आठ-दहा यंत्रे असलेल्या वर्गचालकापुढे पाठ्यक्रम बदलला की एकच प्रश्न येई : एवढ्या सगळ्या यंत्रांचे काय करावयाचे?

प्रश्नाचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये होते. विंडोज ९८ ची किमान गरज १६ मेगाबाइट होती. २००१ अखेर आलेल्या विंडोज एक्सपीची किमान गरज ६४ आणि शिफारस १२८ मेगाबाइटची. १९९९ च्या सुमारास ३२ मेगाबाइटवर घेतलेले यंत्र अवघ्या दोन वर्षांत अपुरे ठरले. मराठी लिहिणाऱ्यास तर आणखी एक कारण होते. विंडोज ९८ मध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या प्रणालींवर काम चाले, आणि एकीतील मजकूर दुसरीत उघडला की अक्षरांचा चुथडा होई. युनिकोडची देवनागरी विंडोज २००० व एक्सपीबरोबर आली. म्हणजे ज्यास आपले मराठी लेखन दुसऱ्याच्या यंत्रावर तसेच वाचले जावे असे वाटत होते, त्यास आधी रॅम वाढवणे भाग होते. मराठीच्या संगणकीय प्रसाराची चर्चा फॉन्ट आणि कळफलक ह्यांपाशीच थांबते. ती १२८ मेगाबाइटच्या पट्टीपर्यंत जावयास हवी.

देवनागरीचा मदरबोर्डाशी संबंध त्याआधीही आलेला होता, आणि त्याचा अनुभव बोधप्रद आहे. आयआयटी कानपूर येथे आरंभ झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने, म्हणजे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, पुढे वाढवले. जिस्ट कार्ड हे पीसीच्या खाचेत बसवावयाचे स्वतंत्र कार्ड होते. ते बसवले की डॉसवरील साध्या कार्यक्रमांतही भारतीय लिप्या दिसत. कल्पना उत्तम होती आणि सरकारी कार्यालयांत ती रुजलीही. परंतु ह्या कार्डास लागणारी आयसा पद्धतीची लांब खाच नव्या शतकाच्या आरंभी नव्या बोर्डांवरून नाहीशी होत गेली. तोवर डॉसही मागे पडला होता, म्हणून ह्या लोपाचा गाजावाजा झाला नाही. पण लिपीचे तंत्रज्ञान एका खाचेवर अवलंबून ठेवण्यातला धोका त्यातून स्पष्ट दिसतो. १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेली इस्की ही संकेतप्रणाली मात्र कार्डाच्या मागे उरली आणि तिची १९८८ ची आवृत्ती युनिकोडच्या देवनागरी विभागास आधारभूत झाली. मानक टिकले, वस्तू गेली.

खाचा आणि पट्ट्या बदलण्यामागे निव्वळ कंपन्यांचा कट असतो, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याच्या म्हणण्यास आधार नाही असे नव्हे. १९९९ च्या अखेरीस इंटेलने ८२० ह्या चिपसंचाबरोबर रॅमबस कंपनीची स्मृती पुढे आणली. ती महाग होती आणि तिच्यासाठी कंपनीस स्वामित्वशुल्क द्यावे लागे. बाजार कुरकुरला, तेव्हा साधी स्मृतीही त्या बोर्डांवर चालावी म्हणून एक दुभाषी चिप मध्ये घालण्यात आली; तिच्यात दोष निघाला आणि मे २००० मध्ये ते बोर्ड परत घेण्याची पाळी आली. पुढे पेंटियम ४ बरोबर रॅमबसच्या पट्ट्या जोडीने लावाव्या लागत, आणि रिकाम्या खाचेतही परिपथ पूर्ण करणारी एक निर्जीव पट्टी घालावी लागे. दरम्यान जून २००० मध्ये जेडेकने डीडीआर स्मृतीचे खुले मानक प्रसिद्ध केले होते. २००२ उजाडेपर्यंत इंटेलनेही त्याचा स्वीकार केला. कटाची उपपत्ती येथे अर्धीच खरी ठरते : प्रयत्न झाला, पण पुष्कळ उत्पादकांनी मिळून केलेल्या करारापुढे तो टिकला नाही.

डीडीआरच्या पुढील पिढ्यांत खाचा बदलत गेल्या त्यास मात्र सबळ तांत्रिक कारण होते. पहिल्या पिढीचा विद्युत्-दाब २.५ व्होल्ट, दुसरीचा १.८, तिसरीचा १.५, चौथीचा १.२ आणि पाचवीचा १.१. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या पट्ट्यांस सारखेच २४० पाय, चौथ्या व पाचव्या पिढीस सारखेच २८८. तरी मधला काप जाणूनबुजून सरकवलेला आहे, कारण चुकीच्या दाबावर चिप जळू शकते. काप हा ग्राहकास अडवणारा नसून पट्टीस वाचवणारा आहे. पट्टी खाचेत बसत नसेल तर जोर लावू नये, हा कारागिरांचा पहिला धडा त्यातूनच आला. (दुसरा धडा खोडरबराचा. यंत्र चालू न होता नुसत्या शिट्ट्या मारू लागले की पट्टी काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने पुसावयाचे. धुळीच्या रस्त्यावरील दुकानांत ह्या उपायाने वाचलेल्या यंत्रांची गणती करणे कठीण.)

वेग वाढला म्हणजे नेमके काय वाढले, ह्याविषयी मात्र फार गैरसमज आहे. पट्टीवरचा आकडा दर सेकंदास किती मजकूर वाहून नेता येतो ते सांगतो. पहिला शब्द हाती येण्यास किती वेळ लागतो ते सांगत नाही. पहिल्या पिढीची ४०० च्या वेगाची पट्टी तीन ठोक्यांनंतर उत्तर देई, आणि तिचा ठोका ५ नॅनोसेकंदांचा. म्हणजे विलंब १५ नॅनोसेकंद. तिसऱ्या पिढीची १६०० ची पट्टी अकरा ठोके घेते, पण ठोका १.२५ नॅनोसेकंदांचा, विलंब १३.७५. चौथ्या पिढीच्या ३२०० च्या प्रमाणित पट्टीस बावीस ठोके लागतात आणि विलंब पुन्हा १३.७५ नॅनोसेकंदच भरतो. आकडा आठपट झाला, प्रतीक्षा जवळजवळ तेथेच राहिली. टिफ्रॅकशी तुलना केली तर ८ गिगाबाइटची एक पट्टी धारणशक्तीने सुमारे ८ लाख ३९ हजार पट मोठी भरते. परंतु आजच्या चिपेची एक पूर्ण फेरी ४५ ते ५० नॅनोसेकंदांच्या घरात असल्याने, फेरीच्या काळातील सुधारणा तीनशेपटीच्या आसपासच येते. ह्या दोन आकड्यांमधील दरी पाहिली म्हणजे जुन्या यंत्रात वेगवान पट्टीपेक्षा मोठी पट्टी का अधिक उपयोगी पडते ते कळते. स्मृती अपुरी पडली की यंत्र चकतीकडे धाव घेते, आणि फिरत्या चकतीचा विलंब नॅनोसेकंदांत नव्हे, मिलिसेकंदांत मोजावयाचा असतो. २६६६ ऐवजी ३२०० ची पट्टी घेतल्याने वर्गातील यंत्रात जाणवण्याजोगा फरक बहुधा पडत नाही; ४ ऐवजी ८ गिगाबाइटने पडतो.

आणखी एक स्थित्यंतर फारसे कोणाच्या लक्षात न येता घडले. २००३ मध्ये एएमडीच्या ॲथलॉन ६४ ने आणि २००८ मध्ये इंटेलच्या नेहेलम पिढीने स्मृतीचा नियंत्रक मदरबोर्डावरून उचलून प्रोसेसरच्या पोटात नेला. तेव्हापासून ‘हा बोर्ड कोणती रॅम घेतो’ ह्या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते. २०२१ मधील इंटेलच्या बाराव्या पिढीचा प्रोसेसर डीडीआर ४ आणि डीडीआर ५ दोन्ही जाणतो. पण बोर्डावर खाचा बहुधा एकाच जातीच्या असतात. वेष्टनावर ३६०० छापलेली पट्टी बायॉसमधील विशेष नोंद निवडल्याखेरीज त्याहून पुष्कळ कमी अशा प्रमाणित वेगाने चालते, आणि ती नोंद निवडण्याची सोय स्वस्त बोर्डांवर पुष्कळदा नसते. तेथे वेष्टनावरच्या आकड्यासाठी दिलेले पैसे वाया जातात.

लॅपटॉपांत हा इतिहास वेगळ्या दिशेस वळला आहे. यंत्र पातळ व्हावे आणि वीज कमी लागावी म्हणून अनेक लॅपटॉपांत स्मृतीच्या चिपा बोर्डावरच झाळलेल्या असतात. खाच नाही, पट्टी नाही, वाढही नाही. जुळणीचा प्रश्न तेथे टिफ्रॅकमध्ये नव्हता तसाच नाही, परंतु टिफ्रॅक ज्यांनी बांधला तेच तो वापरीत होते. नातेपुत्याच्या विद्यार्थ्याने ८ गिगाबाइटचा असा लॅपटॉप घेतला तर त्याच्या आयुष्याची मर्यादा खरेदीच्या दिवशीच ठरून जाते, आणि ती ठरवण्यात त्याचा किंवा गावातील कारागिराचा काडीइतकाही वाटा नसतो. ह्यावर तोड म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये जेडेकने कॅम २ ह्या नावाने एक नवे मानक प्रसिद्ध केले. त्यात कमी विजेवर चालणारी स्मृतीही स्वतंत्र तुकड्यावर असते. तो तुकडा बोर्डावर आडवा ठेवून स्क्रूने आवळावयाचा आणि गरज पडल्यास काढून दुसरा लावावयाचा.